हातात की कमरेला

फोन आला की मी आधी हेच विचारते:
हातात आहे की कमरेला?
या राज्यात कायदा एवढ्या वीतभर जागेत राहतो.
कमरेला असेल तर माणूस रस्त्यानं चाललाय, बस्स.
हातात असेल तर असतील तेवढ्या गाड्या सोडायच्या.
मधे काही नाही. मधे मी.

शुक्रवारी रात्री नदीकाठच्या लॉन्ड्रीतून
एका बाईचा दबका आवाज: इथे एक म्हातारा आहे,
पट्ट्याला पिस्तूल, आणि चादरी वाळवतोय.
कमरेला ना? हो, कमरेलाच.
पण तिचा जीव घशाशी आला होता,
म्हणून मी हास्केलला पाठवलं.

अगं, हा तर वर्लिन स्टॅम्पर, हास्केल रेडिओवर हसला,
बर्फ पडलं की याच्या ट्रकमधून शाळेत जायचो आम्ही.
मग बराच वेळ नुसती खरखर.
नंतर कळलं, डबल बेडच्या चादरीची
एकट्याला घडी घालता येत नाही,
आणि वर्लिनची बायको मार्चमध्ये गेली.
दोन टोकं हास्केलनं धरली, दोन वर्लिननं,
जवळ आले, लांब गेले, पुन्हा जवळ आले.
शेवटी रेडिओवर: दोन्ही हात चादरीत आहेत त्याचे,
काळजी नको.
मी नोंद केली: कारवाई नाही.

नऊ दिवसांनी तीच लॉन्ड्री.
या वेळी तरुण पुरुषाचा आवाज. माणूस. पिस्तूल.
हातात की कमरेला?
कमरेला, तो म्हणाला, आणि मी न विचारताच पुढे:
काळा आहे.
पडद्यावर तो रकाना असतोच. मी भरला.
हास्केलच निघाला. मागून आणखी दोन गाड्या,
मी सांगितल्या नव्हत्या.
सांगितल्या नव्हत्या, असं मला वाटतं.

ऑडेल प्रायर. रुग्णालयात रात्रपाळीचा वॉर्डबॉय,
पहाटे चालत घरी जातो,
फेब्रुवारीत त्याला पुलावर लुटलं, दोन दात गेले.
हे सगळं मला पुढच्या आठवड्यात समजलं.
तेव्हा कानात एवढंच आलं:
हात चादरीत आहेत.
हात दिसत नाहीत.
कमरेला आहे, मी म्हणाले. कमरेला, कमरेला.
रेडिओवर दोघं एकदम बोलले
की एकाचा आवाज गिळला जातो.

गोळी सुटली नाही.
हे आधी सांगायला हवं होतं का?
मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

चाळीस मिनिटं तो फरशीवर पालथा.
काही सापडलं नाही. पिस्तूल परत दिलं,
गोळ्या वेगळ्या पाकिटात.
चादरीवर बुटाचा ठसा होता. त्यानं ती पुन्हा मशीनमध्ये टाकली
आणि हास्केलकडे सुटी नाणी मागितली.
दिली मी, हास्केल जेवताना म्हणाला. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाला,
नाणी दिली मी.
घडी घालू लागलास का, असं मी विचारलं नाही.

नोंदीत शब्द तेच राहिले.
ऑडेलनं तक्रार केली, तेव्हा मलाही बोलावलं:
तुम्ही नेमकं काय केलंत?
प्रश्न विचारला, म्हणाले. रकाना भरला. गाडी पाठवली.
म्हणजे हात वर केले.
माझे सगळ्यांना दिसत होते.