झाकण

खल्फानची बीएसए, एकसष्ट सालची.
पहिल्या किकला उठते, वादी कबीरच्या गल्लीतनं
जुन्या पोस्टमनसारखी शिस्तीत जाते,
आणि बुस्तानचा घाट लागला की दोनदा खोकून मरते.
दहा मिनिटं कडेला उभी करा, पुन्हा चालू.
“कार्ब्रेतर,” खल्फान म्हणतो, बोट नाचवत.
मीही म्हणालो, कार्बोरेटरच.

तिसऱ्यांदा खोलला.
फ्लोटच्या वाटीत वाळू, चहाच्या गाळाएवढी. धुतली.
पायलट जेट तोंडानं फुंकला,
ओठ रात्रीपर्यंत जळत राहिले.
मेन जेट उजेडाकडे धरला:
पितळेत राजगिऱ्याच्या दाण्याएवढं आभाळ. स्वच्छ.
पाकिटात मिरजेची तार आहे, सतारीची.
निघताना मामानं दिली, कामाला येईल म्हणून.
पण जेटात तार घालत नाहीत. पितळ मऊ,
भोक केसभर वाढलं तरी इंजिनाचा सूर जातो.
मामाला हे समजावून सांगावं लागलं नसतं.

प्लग पांढराफटक. म्हणजे उपाशी.
पेट्रोल पोचत नाही.
पण टाकीचं झाकण काढून, कॉक सोडून बघावं
तर धार कशी, पहाटेच्या म्हशीसारखी.

रात्री शमशादला फोन.
पहिली पाच मिनिटं मस्त: थोरलीची फी,
न्हाणीची फरशी, कुणाचं लग्न कुठं.
मग ती विचारते, “आणि तुमचं?”
“माझं काय. बरंय.”
पुढं लाईन चालू असते, नुसती.

शुक्रवारी खल्फानला मागं बसवून मीच घाटात नेली.
मेली, ठरल्या वळणावर.
आत पेट्रोल किती, बघू म्हणून झाकण फिरवलं
तर शीळ.
लांब, बारीक, कुकरच्या उलटी,
बाहेरची हवा आत ओढत नेणारी.
किक मारली. उठली.

चार महिने मी खालीच शोधत होतो.
आणि तपासताना दर वेळी
हेच झाकण काढून बाजूला ठेवत होतो.

उलटं केलं. हवेचं भोक शिशानं बुजवलेलं, सुबक काम.
“कुणी केलं?”
दिशदाशाच्या बाहीनं खल्फाननं कपाळ टिपलं.
“मी. वाळूचं वादळ होतं.
म्हटलं, आत काही जायला नको.”
“हवा माफी, पेट्रोल माफी,” मी म्हणालो.
तो गाडीकडे बघत राहिला,
मग तिच्या टाकीवर दोनदा थोपटलं,
चुकून मारलेल्या पोराला थोपटावं तसं.

गॅरेजात शिसं तापवून काढलं,
राहिलेल्या कचऱ्यासाठी पाकिटातली तार.
इथं चालते. हे पोलाद आहे.

संध्याकाळी तो घाट ओलांडून समुद्रापर्यंत जाऊन आला,
खजुराचा डबा ठेवून गेला.
तार पुसून परत घडी करताना बोटाला टोचली,
अजून ताठ.
सव्वानऊ. मिरजेत पावणेअकरा.
जागी असेल.