उजवी तर्जनी

खानवलकर काकूंनी हात टेबलावर ठेवला
विजेचं बिल ठेवावं तसा:
बघ बाई, कमी होतंय का काही.

नखं लसणीच्या सालीची.
दिव्याखाली धरली तर आरपार गुलाबी,
दाबली की वाकायची, मोडायची नाहीत.
मोडणाऱ्या नखाला निदान आपण नख आहोत हे माहीत असतं.

भाचीच्या लग्नात कुणीतरी लावून दिली होती,
लांब, चेरी रंगाची.
पाचव्या दिवशी कणीक मळता येईना
तर काकूंनी उलथन्याच्या टोकानं
एकेक उचकटून काढली, गवारीच्या शिरा काढाव्या तशी.
प्रत्येकाबरोबर स्वतःचंही थोडं आलं.

मी म्हटलं, तीन महिने तेल चोळा, मग या.
त्या म्हणाल्या, तीन महिने पाठ थांबेल का?

कुणाची पाठ?

काका एका कुशीवर, डावा हात गेलेला,
आणि ग्वाल्हेरची जानेवारीतली कोरडी थंडी,
अंग नुसतं तडकत राहतं.
सगळी खाज नेमकी तिथे, जिथे उजवा पोचत नाही.
बाड्यावरून लाकडी खाजवणी आणली, टोकाला हत्तीचं तोंड.
दोन दिवसांनी काका म्हणाले,
हिला काही कळत नाही.

बरं, मग बसा.

कानस मी उचललीच नाही. घासायला उरलं होतं काय?
बफरनं चमक तेवढी उतरवली,
वहीवरची धूळ फुंकावी इतपत.
प्रायमर एक थेंब, त्यातलाही अर्धा टिपून टाकला.
झोंबलं तर सांगा.
झोंबलं. काकूंनी नुसती पायातली चप्पल काढली.

मग ब्रश द्रवात, ब्रश पावडरीत,
टोकाला साबुदाण्याएवढा मणी.
या वासावरून खालच्या गजकवाल्याचं नि माझं
वर्षभर भांडण आहे, त्याच्या तिळाला लागतो म्हणे.
मणी मधोमध ठेवायचा. दाबायचा नाही.
तो आपणहून पसरतो, पसरता पसरता दगड होतो,
तेवढ्यात त्याला सांगून घ्यायचं
कुठे जाड हो, कुठे पातळ,
आणि कातडीला शिवू नकोस.

जरा लांब कर गं, लांबवर पोचेल.
नाही काकू. लांब नख म्हणजे पहार,
कशात अडकलं की खालची जमीन उचलते.
बोटाबाहेर तांदळाचा एक दाणा. बस.

दहा दिवसांनी परत.
मला वाटलं, सुटलं.
वाजवून पाहिली, दहाही पक्की.
त्यांनी उजवी तर्जनी पुढे केली:
हे तेवढं काढ.

खाजवतं छान. ह्यांना झोप लागते आताशा.
पण परवा पाठीवर फोड होता एक,
बारीकसा. नखाला समजलाच नाही.
वरून गेलं. बोटाला ओलं लागलं तेव्हा कळलं.

काका काय म्हणाले?

काय म्हणणार.
म्हणाले, हिलाही काही कळत नाही.

कापूस, अ‍ॅसिटोन, वरून फॉइल. वीस मिनिटं.
मधे एकदा त्यांनी बोट ओढून बघितलं,
मी म्हटलं, उलथनं आणू?
तेव्हा हसल्या.

पांढरा लगदा पुसला. खाली ते,
तसंच, लसणीच्या सालीचं,
फक्त मुळाशी जरा दुधी, जरा जाड,
रेघ म्हणावी इतकंच.
तेलाचा थेंब लावला.
काकूंनी ते टेबलाच्या कडेवरून फिरवलं,
जिथे सनमायका उचललाय तिथे थांबल्या,
पुढे गेल्या, परत तिथे आल्या.
मग आपल्याच मनगटावर, सावकाश.

नऊंचेच पैसे घे हो आता.
काढायचेही पैसे असतात, काकू.
अगं बाई!

जिना उतरताना उजवा हात
लोखंडी कठड्यावर वाजत गेला,
दर वेळी एक ठोका गाळत.