चौथ्या टक्‌ला

आमच्या रस्त्याला नुसता चढ म्हणणं म्हणजे त्याचा मान राखणं.
क्लाक्सविकचा पोस्टमनसुद्धा तो नागमोडी चढतो,
आणि खाली, जिथे रस्ता संपतो,
तिथे लगेच बंदर. मध्ये भिंत नाही.

म्हणून बाबा ट्रॉलरवर निघण्याआधी
आईला दर वेळी शिकवायचे, जणू पहिल्यांदाच:
"आधी पायाचा ब्रेक. मग हा ओढ,
टोकाचं बटण दाबून, नाहीतर दाते झिजतात.
मोज. टक्, टक्, टक्, टक्. चौथ्याला थांब.
सातवर गेला तर केबल सैल पडलीय, तुम्मासला दाखव.
आता पाय हळूच उचल,
गाडीला आपला भार ब्रेकवर टाकू दे. बसू दे तिला.
मगच गिअर."
आई खिडकीबाहेर बघत हो हो म्हणायची.
तिला गाडी बाबांपेक्षा चांगली येत होती.

त्या वर्षी ते बॅरंट्सच्या समुद्रात गेले, अकरा आठवडे.
जाताना मागच्या चाकांना दोन दगड लावले,
पुढची चाकं फुटपाथकडे वळवली,
हँडब्रेक पार खाली सोडला:
"खारं वारं आहे, मारयुन. ओढून ठेवलास
तर आत लायनर ड्रमला धरतील.
उभ्या गाडीला दगड पुरे."

दगड पुरे. हे दिवसा पटायचं.
रात्री वारा छपरावरचं गवत उपटायला लागला
की आई त्यांचा स्वेटर चढवून बाहेर जायची.
मी वरून बघायचे: गाडीत दिवा लागला,
तिचा खांदा मागे गेला.
टक् टक् टक् टक्
टक् टक्
टक्.
(काचेतून ऐकू येत नसे. मी मोजायचे.)
दिवा विझायचा, तरी ती लगेच उतरायची नाही.
सकाळी शहाण्यासारखी जाऊन सोडून यायची.

मग एका रात्री रेडिओने एका बोटीचं नाव घेतलं.
आमच्या नाही.
त्या रात्री तिने दोन्ही हातांनी ओढला
आणि सकाळी सोडला नाही,
दुसऱ्या सकाळीही नाही.

बाबा मे महिन्यात आले, दाढीत अजून मीठ.
गाडीत बसले, लिव्हर खाली टाकला,
इंजिन गुरगुरलं, आणि मागची दोन्ही चाकं
मेंढीने अंग चोरावं तशी जागची हलेनात.
तुम्मास हातोडी घेऊन आला.
ड्रमवर ठोकायचा, थांबायचा, कान लावायचा,
डॉक्टर पाठ ठोकून बघतो तसा.
"कोणी ओढलाय एवढा?"
मी माझ्या बुटांकडे पाहिलं.
ड्रम निघाला तेव्हा आत लाल गंजाचा भुगा
आणि लायनर, बिलगल्यासारखे.
"हा वापरून बिघडत नाही हो," तुम्मास म्हणाला,
"रोज ओढा, रोज सोडा.
नुसता ठेवला तरी गंजतो, धरून बसलात तरी गंजतो."
आणि कॉफी मागितली.

बाबांनी संध्याकाळपर्यंत गंज खरवडला, मुकाट.
मग आईला हाक मारली.
मला वाटलं, आता पहिल्यापासून शिकवणार.
त्यांनी फक्त तिचा हात लिव्हरवर ठेवला,
वर आपला, काळ्या नखांचा.
टक्. टक्. टक्. टक्.
"बास?"
"अजून एक," आई म्हणाली.

ओढला त्यांनी.
केबल तशीही नवीच टाकायची होती.