मागचं पांढरं

मणेराजुरीच्या माळावर, बेदाण्याच्या शेडच्या तिसऱ्या खणात
स्टँड लावून बसलोय रात्री साडेदहापासून.
अकरा थरांच्या जाळीवर द्राक्षं सुकतायत,
गंधकाचा वास कॅमेऱ्याच्या पट्ट्यालाही लागलाय,
आणि वर, पत्र्याखालच्या कैचीवर
गव्हाणी घुबडाची जागा
रिकामी.

दिवसा मी तासगावात, एसटी स्टँडसमोर,
माणसांचे पासपोर्ट फोटो काढतो.
हनुवटी वर. कान दिसू देत. हसू नका.
अर्ध्या मिनिटात माणूस संपतो, आठ प्रतींसकट.
दोन छत्र्यांचा उजेड, मागे पांढरा पडदा;
धंद्यात अंधाराशी कधी व्यवहारच आला नाही.

इथे दिवा एकच, रस्त्याच्या खांबावरचा.
तो हिरव्या शेडनेटमधून गाळून आत येतो
ताकावरच्या निवळीसारखा.
आयएसओ बारा हजार आठशे. भिंग सताड उघडं.
तरी मीटरचा काटा डाव्या कडेला टेकून झोपलेला.

राखणीला हौसाक्का ऐवळे, रिकाम्या पोत्यांवर.
"बॅटरी मारू का रं तोंडावर त्याच्या?"
नको अक्का.
"मग दिसंल कसं तुला?"
त्याला मी दिसतोय, सध्या तेवढं पुरे.
ती हसली नाही. तंबाखू मळत राहिली.
"मालक म्हंतो हाकला, अवदसा हाय ती.
म्या म्हणलं, औंदा उंदरानं एक तरी क्रेट फोडला का सांगा.
गप बसला."

एकच्या सुमाराला आलं.
आलं म्हणजे आवाज नाही काही,
गालाजवळची हवा जरा सरकली
आणि कैचीवर मधोमध कापलेला पेरू.
त्यात दोनच बिया, काळ्या, माझ्याकडे लागलेल्या.

श्वास धरला. दाबलं. पाव सेकंद.
पाव सेकंद केवढा असतो ते घुबडाला विचारावं:
तेवढ्यात ते डावीकडचं जग उजवीकडे नेऊन ठेवतं.
फोटोत तीन तोंडं, डोळा एकालाही नाही.
पुन्हा.
चुन्याचा फटकारा.
पुन्हा.
कैची, गंजासकट, अगदी स्पष्ट. बाकी कोणी नाही.
मग ते खाली झेपावलं, पोत्यांच्या मागे काहीतरी चिरकलं,
मी स्टँडसकट कॅमेरा ओढला, दाबत गेलो नुसता.

सत्तेचाळीस फोटो.
मागच्या पडद्यावर एकेक मोठा करून बघतो तर
दाणेच दाणे, लाल, निळे, कुणीतरी सूप सांडल्यासारखे.
अंधाराला दाणे असतात
हे कळायला बेदाण्याचीच शेड मिळावी!
द्राक्षातलं बी माणसांनी घालवलं.
ह्यातलं जात नाही.

पहाटे, एकेचाळिसाव्यात, हौसाक्का.
हिला मी काढलंच नव्हतं.
त्या सगळ्या झटापटीत पाव सेकंद न हललेली ती एकटी.
हनुवटी वर. कान दिसतायत. हसलेली नाही.
मी काही सांगितलं नव्हतं.
आणि तिच्या खांद्यामागे, या कडेपासून त्या कडेपर्यंत,
पंखाचा पांढरा पट्टा.

दाखवला. तिनं कॅमेरा हातभर लांब धरला,
बराच वेळ धरला.
"ह्यो चालंल का रं, निराधारच्या फॉर्माला?
मागं पांढरं पाहिजे म्हंत्यात."

चालंल की, म्हणालो.
तहसीलमधला कारकून परत पाठवणार, मला माहीत होतं.
त्यानं पाठवला.
मग तिला स्टुडिओत बसवून रीतसर काढला, छत्र्या लावून.
त्यात तिचे डोळे मिटले. दोनदा.

शेडमधला माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे.
सुट्टे पैसे मोजताना गिऱ्हाईक विचारतं,
ही म्हातारी कोण?
मी सांगतो,
घुबडाचा फोटो आहे.