स्थापना १६४२

दारावर सोनेरी अक्षरं : स्थापना १६४२.
मी मनात हिशेब केला.
एक्याण्णवचा उन्हाळा, हूरातलं हॉटेल,
तिकडे कुवेतच्या विहिरी जळत होत्या
आणि मनामात भर दुपारी दिवेलागण.

शर्वरी म्हणाली, चला बाबा, आज माझ्याकडून.
दार ढकलायचं की ओढायचं, कळेना.
बिजागरीसकट मीच बसवलेलं,
पण आमची ये-जा मागच्या जिन्यानं,
भटारखान्यातून, कांद्याच्या गोणी ओलांडत.

आत गार, तपकिरी अंधार.
घोड्यांचे पितळी बिल्ले, कोल्ह्याची शिकार,
शेकोटीत विजेवर हलणारा कागदी जाळ.
डंबर नावाचा नेपाळी पोरगा वेटर, म्हणाला,
सर, या तुळया ओकच्या, चारशे वर्षांच्या,
थेट इंग्लंडहून, जहाजातून.
मी मान डोलावली. जहाज तेवढं खरं.

ओक मिळतच नव्हता. हॅलम साहेब डोक्याला हात लावून.
मग दाऊद परकार मुहर्रकच्या किनाऱ्यावरून
मोडीत निघालेल्या गलबताच्या फासळ्या घेऊन आला :
मलबारी साग, शार्कच्या तेलावर पोसलेला.
साहेब म्हणाला, म्हातारं दिसायला हवं.
दाऊदनं सायकलची साखळी घेतली
आणि रोज सकाळी लाकूड झोडपू लागला.
काय करतोस रे?
म्हातारपण ठोकतोय.
मी टोच्यानं किडीची भोकं पाडली, एकेक,
किडीला जमणार नाही इतकी मन लावून.
चहाचं पाणी, सिरक्यात गंजवलेले खिळे,
आणि काजळी. ती मात्र अस्सल,
कुवेतहून उडत आलेली,
खिडक्यांवरून फडक्यानं टिपून घेतली.

एल आली. चहाच्या रंगाची, कोमट.
पहिला घोट किराईताच्या काढ्यासारखा,
दुसरा जरा बरा.
मेनूवर कॉड होता. जिभेला लागताच ओळखला :
गोबरा! इथला हामूर,
अंगात पिठाचा कोट घालून साहेब झालेला,
बाजूला ठेचलेले हिरवे वाटाणे.

कोपऱ्यात एक गोरा आजोबा
खांबावर तळवा टेकून बसलेला,
खूप दिवसांनी माहेरी आल्यासारखा.
त्याला काय सांगायचं, आणि कशाला.
त्याचं म्हातारपण काही साखळीनं आलेलं नव्हतं.
आणि लाकडालाही आता
तीसेक वर्षं खरीखुरी झालीच की.

एसी बंद पडला की वास येतो, डंबर कुजबुजला,
मासळीचा. मॅनेजर भटारखान्यावर ओरडतो.
मी वाटाणे खात राहिलो.

बिल एकतीस दिनार.
तेव्हा महिन्याचे बासष्ट मिळायचे.
शर्वरीनं कार्ड नुसतं टेकवलं.

टेबल मघापासून डुगडुगत होतं.
राहवेना. खाली बसलो, गुडघा कटकन वाजला,
ग्लासाखालचा पुठ्ठा दुमडून पायाखाली सारला.
बाबा, उठा ना, लोक बघतायत.
थांब गं जरा.

खालून टेबल अजून नवंच होतं.
पिवळं, कोरं, आत्ताच रंधा फिरवल्यासारखं,
पेन्सिलीनं टिपलेली मापं,
दाऊदचा तो तिरका सात.
इथवर साखळी पोचलीच नव्हती.