बारास एक

पहिल्यांदा अंधार पडल्यावरच निघालो.
इथे त्याचं कुणाला काही वाटत नाही,
जूनमध्ये सगळं मस्कतच
मगरीबच्या बांगेपर्यंत दारं लावून बसतं.
माझी लाज उन्हाच्या नावावर खपून गेली.
कालिंदी म्हणाली, टोपी घाला.
म्हटलं, रात्रीची टोपी कशाला?
ओळखू नये ना कुणी? मग घाला.

लिफ्टच्या आरशात आधी ती दिसली,
मग बराच खाली मी,
दोन खेपांचं सामान एकदाच न्यावं तसा.

बसल्या उंचीवरून मत्राह निराळं आहे.
कमरेचे पट्टे, किल्ल्यांचे जुडगे,
दिशदाशांचे पांढरे घेर,
पिशवीतून डोकावणारी सुरमईची शेपटी.
मांजरं थेट डोळ्यांत बघतात.
तीन वर्षांची पोरंही बघतात,
आया त्यांना ओढून नेतात.
बघू दे की, बाई.

करकवाल्यानं कालिंदीला विचारलं,
बाबा को शक्कर चलेगा?
चाळीस माणसं होती माझ्या हाताखाली.
म्हटलं, दो चम्मच.
ती म्हणाली, एक.
त्यानं तिचं ऐकलं.

आणि मग तो कर्ब.
पंधरा सेंटिमीटर. टेप न लावता सांगतो,
मीच बसवलाय.
त्र्याऐंशी साल. पेशावरचा गुलजार, सिल्हेटचा मोईन,
डोक्याला ओली फडकी, लेव्हलच्या नळीतला बुडबुडा
उन्हानं थरथरायचा.
नकाशात ह्याच कोपऱ्यावर तुटक रेघेचा एक उतार होता,
बाजूला बारीक अक्षरात: बारास एक.
ठेकेदाराचा माणूस म्हणाला, साब, इधर कौन लुढकेगा?
आम्ही हसलो. तारीख गाठायची होती.
खाली सही आहे, द. शं. तेरवणकर,
निळ्या शाईत, शेवटच्या र-ला झोकदार शेपूट.

पुढची लहान चाकं दगडाला टेकून थांबली.
कालिंदीनं जोर लावला. अठ्ठेचाळीस किलो जोर.
तिची चप्पल निसटली.
मागे वळून बघता येईना, तेवढं बरं झालं.

एक बलुची पोरगा धावत आला,
हाताला मासळीचा वास, न विचारता मुठी धरल्या.
मी ओरडलो, उलटी! पहले घुमाओ! बडा पहिया पहले!
त्यानं मुकाट ऐकलं.
पाठमोरा, एका हिसक्यात, वर आलो,
पायांखालून कर्ब सरकत गेला
आणि समोर अचानक सगळा समुद्र,
होड्यांचे दिवे,
माझं तोंड अजून हुकुमाच्या आकारात उघडं.

आता सवय होतेय म्हणायची.
हातमोजे निनादनं आणले, सायकलवाल्यांचे.
पट्टीवर ओला टॉवेल, नाहीतर पत्रा चटका देतो.
मी मान थोडी कलंडवतो, कालिंदी तिकडे वळते.
लग्नाला बावन्न वर्षं झाली,
वळायची खूण आत्ता ठरली.
हल्ली बांगेआधीच निघतो.
टोपी गाडीत राहते.

काल त्या कोपऱ्यावर फरशा उखडलेल्या.
माझा कर्ब बाजूला आडवा,
एक कोपरासुद्धा उडालेला नाही.
(हे कालिंदीला दोनदा दाखवलं.)
बलदियाचा माणूस गुडघ्यांवर बसून खुणा करत होता,
म्हणून त्यानं वर न बघता
सरळ माझ्याकडे बघितलं.
विचारलं, उतार किती धरलाय?
दहास एक.
म्हटलं, बारास. सहा इंच चढायला
सहा फूट लागतात.
जागा नाही बाबा, म्हणाला.
म्हटलं, आहे. टेप दे.

त्यानं दिली.
दुसरं टोक कालिंदीनं टाचेखाली दाबून धरलं.
निनाद गाडीतून हॉर्न वाजवत होता.