हतनूरच्या किती पट

गिरणीवर दळण ठेवून चौघं बसलेले.
नामा झोपेनं विचारलं,
"कारे भो, हतनूरच्या किती पट असन?"
नऊ महिने काढून आलो होतो
आणि हा हिशेब केलाच नव्हता.
म्हटलं, बारा दिवस चाललो, पल्याड आलं नाही.
"मंग गेले कुठी तुम्ही?"
पट्टा फडफडत होता,
माझं उत्तर ज्वारीत दळून गेलं.

बामणोदहून निघालो तेव्हा पोहणं म्हणजे
विहिरीत उडी, आणि दोर धरून वर.
जहाजावरच्या पहिल्याच दोराला मी चऱ्हाट म्हणालो.
सारंग वेंगुर्ल्याचा, बाबल मोंडकर,
आधी ऐकू न आल्यासारखा थांबला,
मग हसला,
मग नऊ महिने मला चऱ्हाटच म्हणाला.

तिसऱ्या दिवशी पोटातलं सगळं वर आलं.
मी केळीवर फवारा मारणारा माणूस,
वारा कुठून येतो ते मला तरी कळायला हवं होतं.
बाबलच्या धुतल्या सदऱ्याला विचारा.

रात्री भिंतीपलीकडं पाणी वाहायचं.
दचकून उठायचो: लाईट आली, मोटर चालूच राहिली,
बांध फुटला.
चपला शोधत दार उघडलं
तर समोर फिलिपिनो इंजिनवाला, हातात चहा.
खुणेनं विचारलं, कुठं?
खुणेनं सांगितलं, बांध.
ती खूण त्याच्या मुलखात कशाची असेल देव जाणे,
त्यानं मला संडास दाखवला.

आणि ते भरीत.
कोलंबोला वांगी चढली. जांभळी, लांबोडकी,
आपल्या हिरव्या वांग्यांच्या पायाशी बसायची नाहीत,
पण वांगीच.
मी भटारखान्यातला हरकाम्या, स्वयंपाकी झोपलेला.
तुरकाठ्या नव्हत्या, लाल होणारी तबकडी होती.
तिच्यावर उघडीच ठेवली.
धूर वर गेला
आणि छताला कंठ फुटला.
बावीस माणसं नारिंगी जाकिटं घालून
डेकवर रांगेत,
होड्यांचे दोर सैल, कप्तान मोजतोय,
एक कमी.
तो एक खाली, वांगी उलटी करत.
सोडून कसा जाणार?
एकाच बाजूनं भाजली होती.

कप्तान ग्रीकमध्ये बराच वेळ बोलला.
पात नव्हती, लसूण होता, मिरच्या होत्या, केलंच.
बाबल दोनदा येऊन घेऊन गेला.
"चऱ्हाटा," म्हणाला, "आता पेवूक शिक."

एक गोष्ट गिरणीवर सांगितली नाही.
तिथं सातपुडा नव्हता.
सव्वीस वर्षं उत्तर मला त्याच्यावरून कळायची.
डोंगर नसला की नजर कुठं टेकवावी?
संध्याकाळी डेकवर उभा राहायचो
आणि जागच्या जागी फिरत राहायचो,
खळ्यातल्या बैलासारखा,
मधे मेढ नसलेल्या.

काल मायनं ताट वाढलं.
मी उठलो, फडकं भिजवलं, पिळलं,
ताटाखाली अंथरलं.
"हे काय रे?"
सरकतं, म्हटलं.
"कुठी सरकतं?"
पाहिलं.
उडदाची दाळ वाटीत निवांत,
खुंटीवरची पिशवीसुद्धा हलत नव्हती.
फडकं राहू दिलं
आणि डावा हात, उगाच,
ताटाच्या कडेला.